लढाईचा नकाशा छापा, पण त्याच्या कडा कापू नका

मा. संपादक,
स. न. वि. वि.

दर नोव्हेंबरात मराठी वृत्तपत्रांच्या पुरवण्यांत पहिल्या महायुद्धात लढलेल्या आपल्याकडच्या सैनिकांवर लेख येतात. साताऱ्याच्या अपशिंग्यापासून कोकणातल्या खेड्यांपर्यंत जिथे जिथे स्मृतिशिला आहेत त्यांचे फोटो असतात, आणि सोबत बहुधा एखादा जुना युद्धनकाशा. लेख मनापासून लिहिलेले असतात. नकाशाची मात्र दर वेळी एकच गत: चारही कडा छाटलेल्या, मधला भाग चौकटीत बसवलेला आणि त्यावर कोणीतरी हौसेने काढलेले दोन जाड बाण. असा नकाशा शोभेपलीकडे काही कामाचा राहत नाही. लढाईच्या नकाशातली निम्मी माहिती त्याच्या कडेवर छापलेली असते आणि नेमकी तीच कात्रीखाली जाते.

फ्रान्स-बेल्जियम आघाडीवरचा ब्रिटिश खंदक-नकाशा घ्या. त्याच्या कडेवर पत्रकाचा क्रमांक असतो, आवृत्ती असते, प्रमाण असते, मोजपट्टी असते, चुंबकीय उत्तर आणि खरी उत्तर यांतला फरक असतो, आणि खाली बारीक अक्षरांत एक तारीख असते: खंदक अमुक दिवसापर्यंत दुरुस्त. ही तारीख सगळ्यांत महत्त्वाची. छपाईची तारीख वेगळी, तळनकाशाच्या मोजणीची वेगळी. १ जुलै १९१६ च्या (सोमच्या लढाईतल्या) हल्ल्याचा म्हणून छापलेल्या नकाशावर खंदक मे महिन्यापर्यंतचेच असतील, तर मधल्या काळात खणलेली रांग त्यावर नाही. त्या रांगेत मशीनगन असली तरी नकाशाच्या हिशेबी तिथे मोकळे शेत आहे.

तारीख गेली की रंगांचाही भरवसा राहत नाही. या नकाशांवर १९१८ उजाडेपर्यंत जर्मन खंदक लाल आणि ब्रिटिश खंदक निळे असत. १९१८ च्या सुरुवातीला फ्रेंचांच्या पद्धतीशी जुळवून घेण्यासाठी हे रंग उलटे केले गेले. कडा कापलेल्या नकाशावर शत्रू कोण आणि आपले कोण हे सांगायला मग काहीच उरत नाही. आणखी एक खोच आहे. नकाशा शत्रूच्या हाती पडेल या भीतीने बहुतेक आवृत्त्यांत ब्रिटिश बाजूची फक्त पुढची रेघ ठोकळमानाने दाखवत. पूर्ण जाळे असे ते ‘गुप्त’ असा शिक्का असलेल्या आवृत्तीवरच. त्यामुळे एका बाजूला खंदकांची दाट वीण आणि दुसऱ्या बाजूला एकच रेघ दिसली की ‘जर्मनांची तयारी किती आणि ब्रिटिशांची किती’ असे जे निष्कर्ष काढले जातात, ते छपाईच्या धोरणावरून काढलेले असतात. जमिनीवर काय होते याच्याशी त्यांचा संबंध नसतो.

आता संदर्भ वाचण्याविषयी जरा सविस्तर, कारण पणजोबांच्या पलटणीची वॉर डायरी, म्हणजे तिच्या रोजच्या हालचालींची नोंदवही, हाती लागलेले वाचक इथेच अडतात. या डायऱ्या लंडनमधल्या क्यूच्या नॅशनल आर्काइव्हजमध्ये डब्ल्यू. ओ. ९५ या मालिकेत आहेत. डायरीत गावाचे नाव क्वचित असते. असते ते ‘एस.५.बी.३.७’ असे काहीतरी. त्याची फोड अशी करायची.

१:४०,००० च्या एका पत्रकावर ए पासून एक्सपर्यंत २४ मोठे चौकोन असतात, एका ओळीत सहा, अशा चार ओळी. प्रत्येक मोठ्या चौकोनात हजार यार्ड बाजूचे छोटे चौकोन असतात: मधल्या दोन ओळींत ३६, वरच्या आणि खालच्या ओळीत ३०. यांना वरच्या डाव्या कोपऱ्यातून क्रमांक दिलेले असतात, एका रांगेत सहा. म्हणजे ‘एस.५’ हा एस चौकोनाच्या सर्वांत वरच्या रांगेतला डावीकडून पाचवा. त्याचे पाचशे यार्डांचे चार भाग: ए वरचा डावा, बी वरचा उजवा, सी खालचा डावा, डी खालचा उजवा. शेवटचे दोन आकडे त्या भागाच्या दहाव्या हिश्शात मोजायचे, आणि एक दशांश म्हणजे पन्नास यार्ड. पहिला आकडा पूर्वेकडे, दुसरा उत्तरेकडे. तेव्हा ३.७ म्हणजे दीडशे यार्ड उजवीकडे आणि साडेतीनशे यार्ड वर.

कुठून? खालच्या डाव्या कोपऱ्यातून. घोळ इथेच होतो. चौकोनांचे क्रमांक वरच्या डाव्या कोपऱ्यातून सुरू होतात, दशांश मात्र खालच्या डाव्या कोपऱ्यातून मोजतात. क्रमांक वरून वाचत आलेला माणूस त्याच ओघात दशांशही वरून मोजतो. मग ३.७ चा बिंदू जिथे हवा तिथून दोनशे यार्ड खाली पडतो. त्या आघाडीवर दोनशे यार्डांत दोन्ही फौजांच्या पुढच्या रांगा आणि मधली निर्मनुष्य जमीन सहज मावे. म्हणजे माणूस सरळ शत्रूच्या खंदकात जाऊन बसतो, कागदावर का होईना.

दुसरी अडचण पत्रकाच्या क्रमांकाची. ए ते एक्स ही अक्षरे प्रत्येक पत्रकावर नव्याने सुरू होतात. पत्रक ३६ वरही ‘एस.५’ आहे आणि पत्रक २८ वरही. डायरी लिहिणारा पत्रकाचा क्रमांक रोज लिहीत नाही. तो हुकुमाच्या माथ्यावर एकदा देतो आणि पुढची कित्येक पाने गृहीत धरतो. म्हणून एक नोंद हाती आली की उलटे मागे जायचे, क्रमांक सापडेपर्यंत. पलटण दुसऱ्या विभागात हलली असेल तर क्रमांकही बदललेला असतो, हे ध्यानात ठेवायचे. पत्रकाचे पुढचे तुकडेही समजून घ्यावेत: १:४०,००० च्या एका पत्रकाची १:२०,००० ची चार (एन. डब्ल्यू., एन. ई., एस. डब्ल्यू., एस. ई.), आणि त्या प्रत्येकाची १:१०,००० ची चार, १ ते ४. फ्रान्समधले न्यूव शापेल गाव ज्यावर आहे ते पत्रक ‘३६ एस. डब्ल्यू. ३’, नाव रिशबूर. चौकोनांची अक्षरे आणि आकडे मात्र तिन्ही प्रमाणांत तेच राहतात.

घरी छापलेली प्रत बरोबर प्रमाणात आली आहे का, हे साध्या फूटपट्टीने तपासता येते. हजार यार्ड म्हणजे ९१४.४ मीटर. तेव्हा हजार यार्डांचा चौकोन १:१०,००० वर ९१.४ मिलिमीटर भरला पाहिजे, १:२०,००० वर ४५.७ आणि १:४०,००० वर २२.९. कमी-जास्त भरला तर प्रिंटरने पानावर बसवताना नकाशा ताणला किंवा आवळला आहे. आडवे आणि उभे माप वेगवेगळे आले तर मूळ कागदच घडीने किंवा ओलीने ओढला गेला असण्याची शक्यता जास्त. काही संदर्भांत दशांशाऐवजी शतांश असतात, म्हणजे ‘३५.७२’ असे, पाच यार्डांच्या बारकाव्याचे. त्यावर फार विसंबू नये. १:१०,००० वर पाच यार्ड म्हणजे अर्धा मिलिमीटरही नाही, आणि खंदकांचा रंग काळ्या तळनकाशावर वेगळा छापलेला असल्याने तो ठसाच एखादा मिलिमीटर सरकलेला असू शकतो. हा मिलिमीटर जमिनीवर दहा मीटर होतो.

होकायंत्राची दिशा दिलेली असेल तर आणखी एक वजाबाकी करावी लागते. १९१६ च्या सुमारास त्या भागात होकायंत्राची सुई खऱ्या उत्तरेच्या सुमारे १३ अंश पश्चिमेला होती. आज हा फरक अंश-दोन अंशांवर आला आहे. डायरीतली चुंबकीय दिशा आजच्या नकाशावर तशीच ओढली, तर हजार यार्डांवर सव्वादोनशे यार्डांची चूक होते. फरकाचा नेमका आकडा कुठे छापलेला असतो? कडेवर.

नकाशा लढाईविषयी काय सांगतो आणि काय सांगू शकत नाही, यासाठी न्यूव शापेलइतके चांगले उदाहरण नाही. त्यात आपला धागाही आहे. २८ ऑक्टोबर १९१४ ला ४७ व्या शीख पलटणीबरोबर खडकीच्या सॅपर्स अँड मायनर्सच्या २० आणि २१ क्रमांकाच्या कंपन्यांनी या गावावर हल्ला केला. त्या वेळच्या १:८०,००० प्रमाणाच्या फ्रेंच नकाशांवर एक किलोमीटर साडेबारा मिलिमीटरमध्ये बसतो, आणि खंदक तर त्यांवर नव्हतेच. मार्गच खणायची वेळ आली तर लागणारे हे सॅपर्स त्या दिवशी पायदळासारखे गल्ल्यांतून लढले आणि त्यांचे जवळजवळ सगळे ब्रिटिश अधिकारी पडले किंवा जखमी झाले.

साडेचार महिन्यांनी, १० मार्च १९१५ ला, त्याच गावावर भारतीय कोअर आणि ब्रिटिश चौथी कोअर (कोअर म्हणजे अनेक डिव्हिजनांची मोठी फौज) चालून गेल्या तेव्हा नकाशाच्या बाबतीत जग पालटले होते. विमानांतून शत्रूच्या खंदकांची छायाचित्रे घेऊन ती १:८,००० च्या आराखड्यावर उतरवली होती आणि प्रत्येक कोअरला दीड हजार प्रती वाटल्या होत्या. हल्ल्याआधी शत्रूची रांग इतकी तपशिलात हाती असण्याची ब्रिटिश फौजेची ती पहिलीच वेळ. साडेसातला तोफा सुरू झाल्या, ३५ मिनिटे चालल्या, आणि मधल्या भागात फौज भराभर गावात शिरली.

दोन्ही टोकांना मात्र घात झाला. उत्तरेच्या टोकाला सुमारे ४०० यार्डांचा खंदक ज्या दोन हॉवित्झर बॅटऱ्यांच्या (तोफांच्या तुकड्यांच्या) वाट्याला होता, त्या इंग्लंडहून आदल्या दिवशी पोचलेल्या. तोफा जमवायला आणि नेम पक्का करायला वेळच मिळाला नाही. खंदक शाबूत, समोरची काटेरी तार शाबूत, आणि २३ व्या ब्रिगेडचे दोन बटालियन त्यावर कापले गेले. दक्षिणेच्या टोकाला १/३९ वी गढवाल रायफल्स दिशा चुकून उजवीकडे सरकली आणि जिथे तोफखान्याने मारा केलाच नव्हता अशा दोनशे यार्डांच्या तुकड्यावर आदळली. तीन दिवसांच्या या लढाईत भारतीय कोअरची हानी चार हजारांवर गेली.

नकाशावर पाहा: फोडलेला खंदक आणि न फोडलेला खंदक यांची रेघ सारखीच, तितकीच जाड, त्याच रंगाची. नकाशा अचूक होता, चूक त्यात शोधून सापडणार नाही. काटेरी तार तुटली की नाही, बॅटरीने नेम साधला होता की नाही, टेलिफोनची तार सलग होती की नाही, हे त्याला ठाऊकच नसते. ते ठाऊक असते तोफखान्याच्या गोळामारीच्या तक्त्याला. खंदक-नकाशा आणि तोफखान्याचा तक्ता शेजारी ठेवल्याशिवाय लढाईचा निकाल नकाशावरून समजावून सांगू नये, असे आमचे स्पष्ट मत आहे. आणि त्यावर बाण काढणे तर त्याहून वाईट. बाण हेतूचा आहे की गाठलेल्या ठिकाणाचा, हे बाण सांगत नाही.

मराठी पलटणींचा मोठा भाग मात्र फ्रान्समध्ये नव्हता. तो मेसोपोटेमियात, म्हणजे आजच्या इराकमध्ये, होता, आणि तिथले नकाशे वाचण्याची रीतच निराळी. वर सांगितलेली सारी चौकोनपद्धत तिथे लावायला गेलेला माणूस फसतो. तिथल्या पत्रकांवर टी. सी. आणि पुढे आकडा असे क्रमांक दिसतात, चौकोनांची आखणी पत्रकागणिक तपासून घ्यावी लागते. १९१५ मध्ये तर कित्येक ठिकाणी पाव इंचाला एक मैल, म्हणजे १:२,५३,४४०, याहून चांगला नकाशाच नव्हता. सर्व्हे ऑफ इंडियाचे मोजणीदार फौजेबरोबर चालत प्लेनटेबल मांडून पट्टा-पट्टा भरत गेले. नदीच्या दोन्ही काठांचा पट्टा त्यामुळे तपशिलात आणि चार मैल आत गेले की कोरा, असे या नकाशांचे रूप आहे. कोरी जागा म्हणजे वाळवंट असे समजू नये. तिथे मोजणीदार पोचला नव्हता, इतकेच.

शिवाय जमीन सपाट, समोच्च रेषा जवळजवळ नाहीत, मृगजळात उंटाचा काफिला घोडदळासारखा दिसतो, आणि दलदलीची कड ऋतूप्रमाणे मैल-मैल हलते. २७-२८ सप्टेंबर १९१५ च्या रात्री एस सिनच्या तुर्की मोर्च्याला वळसा घालायला निघालेल्या जनरल हॉटन यांच्या तुकडीचे हेच झाले. दोन दलदलींमधून जायचे ते ती अताबा दलदलीला उत्तरेकडून वळसा घालून गेली आणि तुर्की रांगेच्या टोकाला ठरल्यापेक्षा उशिरा, लांबून पोचली. हॉटन ज्या १७ व्या ब्रिगेडचे प्रमुख होते, तिच्यातच १०३ वी मराठा लाइट इन्फन्ट्री होती. पुस्तकांतल्या नकाशावर हा वळसा सुबक वक्ररेषेने काढलेला असतो, जणू तसाच ठरला होता.

याच मोहिमेत नकाशा हाती असणे म्हणजे काय, हे दाखवणारा प्रसंग आहे. टेसिफॉनच्या लढाईच्या आदल्या दिवशी, २१ नोव्हेंबर १९१५ ला, मेजर रायली यांचे टेहळणीचे विमान तुर्की हद्दीत पडले. त्यांनी शत्रूला मोठी कुमक आल्याचे पाहिले होते. ती बातमी सहाव्या पुणे डिव्हिजनचे प्रमुख जनरल टाउनशेंड यांना मिळाली नाही. उलट रायलींजवळचा टायग्रिस नदीच्या प्रवाहाचा कच्चा आराखडा तुर्कांच्या हाती लागला, आणि स्वतःच्याच प्रदेशाचा तसा आराखडा त्यांच्याकडे नव्हता. दुसऱ्या दिवशी सुरू झालेल्या लढाईत टाउनशेंड यांची साडेचार हजारांवर माणसे मेली किंवा जखमी झाली, आणि त्यांची ही डिव्हिजन मागे हटत टायग्रिसकाठच्या कूत गावात अडकली. टाउनशेंड यांच्या आराखड्यात तुर्की रांगेवर ‘व्ही. पी.’ असे एक ठिकाण दाखवलेले असे, मर्मस्थान या अर्थाने. ते त्यांच्या सैन्याने घेतलेही. पण मागच्या दुसऱ्या रांगेत किती माणसे बसली आहेत, हे त्या आराखड्यात कुठून येणार?

कूतच्या वेढ्याचा नकाशा (७ डिसेंबर १९१५ ते २९ एप्रिल १९१६) मराठी वाचकांनी जरूर पाहावा, कारण त्यात आपल्या पलटणी नेमक्या जागी सापडतात. टायग्रिसच्या नागमोडी वळणात शिरलेली जमिनीची जीभ, तिच्या मानेवर खंदकांच्या रांगा, ईशान्य टोकाला मातीचा किल्ला. नाताळच्या आदल्या दिवशी तुर्कांनी या किल्ल्यावर केलेला मोठा हल्ला परतवणाऱ्यांत १०३ वी मराठा होती. ११० वी मराठा मात्र नदीपलीकडे, उजव्या काठावरच्या वूलप्रेस नावाच्या वस्तीत होती, मुख्य ठाण्यापासून तोडलेली. मध्ये नदी आणि समोर तुर्की बंदूकधारी, म्हणून ये-जा रात्री होडीने. ‘कूतमध्ये वेढ्यात होते’ एवढेच घरच्यांना माहीत असते. पलटणीचा क्रमांक कळला की नकाशावर बोट ठेवून कुठल्या काठावर होते तेही सांगता येते. यातही तारीख पाहावी. १९१६ च्या पुरांत पुढचे काही खंदक पाण्याखाली जाऊन सोडावे लागले, त्यामुळे डिसेंबरचा आणि एप्रिलचा नकाशा एक नाही.

कूत सोडवायला आलेल्या फौजेची कथा नकाशावर सर्वांत फसवी दिसते. ८ मार्च १९१६ ला दुजैला इथे सुमारे वीस हजार माणसे रात्रभर चालून पहाटे तुर्की गढीसमोर बिनबोभाट उभी राहिली, आणि गढीत तेव्हा माणसे थोडीच होती. नकाशावर बाण गढीपर्यंत पोचलेला दिसतो आणि वाचक विचारतो, मग हरले कसे? तोफा मांडून ठरल्या क्रमाने मारा करायला कित्येक तास गेले, तेवढ्यात कुमक आली. घड्याळ नकाशावर नसते. लढाईच्या नकाशावर निदान प्रत्येक टप्प्याची वेळ लिहावी, हा आमचा आग्रह यासाठीच आहे.

या नकाशांना आजच्या उपग्रहचित्रावर बसवताना फ्रान्समध्ये चर्च, चौरस्ते आणि कालवे धरावेत, कारण उद्ध्वस्त गावे पुन्हा बहुतेक जुन्याच रस्त्यांवर उभी राहिली. खुणा निदान चार घ्याव्यात आणि त्या पत्रकाच्या चार दिशांना पसरलेल्या असाव्यात. एकाच गावातल्या चार खुणा घेतल्या तर गाव नीट बसते आणि बाकीचे पत्रक फिरते. नॅशनल लायब्ररी ऑफ स्कॉटलंडने बरेच खंदक-नकाशे असे बसवून मोफत दिले आहेत, तेव्हा सुरुवात तिथून करावी. इराकमध्ये मात्र नदीचा काठ हा आधार धरूच नये. टायग्रिसने वळणे बदलली आहेत आणि कूतचा बंधारा १९३० च्या दशकात बांधला गेला. टेसिफॉनची विटांची मोठी कमान अजून उभी आहे, ती धरावी.

संपादक महोदय, मागणी अवघड नाही. नकाशा छापताना त्याचे पत्रक, आवृत्ती आणि खंदक-दुरुस्तीची तारीख चित्राखाली द्यावी. तो लढाईआधीचा आहे, लढाईतला आहे की नंतर इतिहासकाराने दोन्ही बाजूंची कागदपत्रे पाहून काढलेला आहे, हे एका ओळीत सांगावे, कारण तिसऱ्या प्रकारच्या नकाशात दिसणारे चित्र त्या दिवशी कुठल्याही सेनापतीसमोर नव्हते. बाण काढायचेच असतील तर मूळ नकाशावर न काढता शेजारी वेगळी आकृती द्यावी. जागा कमी पडली तर मधला भाग छाटावा, कड ठेवावी. आणि नकाशा लहान करून छापताना मोजपट्टी सोबत लहान करावी. १:१०,००० हा आकडा लहान केलेल्या छपाईत चुकीचा ठरतो, पट्टी मात्र नकाशाबरोबर आक्रसते आणि बरोबरच राहते. दोहोंपैकी एकच ठेवता येत असेल, तर आकडा गाळावा.

आपले,
युद्धनकाशांचे काही अभ्यासक, सातारा